बहिणीच्या पदरात घातलेलं घर

कार्टूनमधल्या राजेरजवाड्यांना मराठी बोलायला लावणं हा माझा धंदा आहे. हसा खुशाल, आमच्या गावातही सगळे हसतात. परदेशातून मालिका येते, पडद्यावरची राणी तोंड उघडते आणि मिटते, आणि तेवढ्या वेळात मावेल असं मराठी वाक्य मी लिहून द्यायचं. याला आम्ही ओठांत बसवणं म्हणतो. वाक्य संपलं आणि राणीचं तोंड अजून उघडंच आहे, अशी पंचाईत झाली की शेवटी 'महाराज' घालायचं. 'महाराज' कुठल्याही ओठांत बसतं. हे सगळं आवाज बंद करून, चित्राच्या तोंडाकडे बघत, वाक्य पुन्हा पुन्हा मोठ्यानं म्हणून करावं लागतं. मालवणजवळच्या आमच्या गावी, आईच्या खोलीत तिच्या खाटेशेजारी टेबल लावून मी ते करत असे.

त्या हिवाळ्यात माझ्याकडे आलेली मालिका अद्भुत राज्यांची होती. समुद्राखालची राणी, डोंगरावरचा राजा, मध्ये एक किनारपट्टी आणि तिच्यावरून पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. या मालिका लिहिणाऱ्यांना कुणीतरी एकच साचा विकला आहे की काय, असा मला दाट संशय आहे. दूत नेमका वादळातच येतो. तहाच्या जेवणात कुणीतरी विष घालतोच. शांतता हवी असेल तर एका राजाची मुलगी दुसऱ्याकडे द्यायची, तिला न विचारता. 'मी परत येईन' असं म्हणणारा सरदार त्याच भागात खलास. आणि नायिकेची आई तर पहिल्या भागातच मरते, केसांत मोती वगैरे घालून, छान दिसत.

आई खाटेवरून सगळं ऐकायची. "त्या राणयेक कित्याक मारल्यांनी गो?" तिनं विचारलं.

"ती मेल्याशिवाय मुलगी घराबाहेर कशी पडणार?" मी म्हटलं. "गोष्ट पुढे जायला नको?"

"शिरा पडली तेंच्या तोंडार," आई म्हणाली. "आवस जिती आसताना चेडू भायेर पडूक शकणा नाय?"

राजकारण मात्र तिला आवडायचं. डोंगरच्या राजाचा दूत समुद्राच्या दरबारात येतो आणि थेट धमकीच देतो, याचा तिला भयंकर राग आला होता. "आधी पाणी इचारूक होया. मगे लढाई," असं म्हणून तिनं तोंड फिरवलं. लिहिणाऱ्याला रीतभात ठाऊक नाही म्हणाली.

तिला ती रीतभात कुणी शिकवायला नको होती. आमच्याकडे गावचा देव हा राजा असतो, आणि तो नावापुरता नव्हे. त्याचं राज्य असतं, राज्याला शीव असते, त्याचे मानकरी असतात. शेजारच्या गावांतले देव त्याचे भाऊबंद. आमच्या देवाची बहीण व्हाळापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या गावात राज्य करते. दसऱ्याला भाऊ बहिणीला भेटायला जातो, तेव्हा कुणी कुठपर्यंत सामोरं यायचं, नारळ आधी कुणाचा, निरोप कुणी द्यायचा, सगळं ठरलेलं. एकदा पलीकडचे मानकरी शिवेवर उशिरा पोचले आणि आमचा देव उन्हात ताटकळला, तर दोन गावांत कितीतरी वर्षं सोयरीक झाली नाही. देवाशी बोलायचं असलं की गाऱ्हाणं घालतात. म्हणजे आमचे गावकर काका, गावचे पहिले मानकरी, उभे राहून देवाला हाक मारतात, मोठ्यानं म्हणणं मांडतात, आणि जमलेली माणसं टप्प्याटप्प्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. माझ्या मालिकेतल्या दूतांनी काकांकडे येऊन शिकवणी लावावी, असं मला कितीदा तरी वाटलं आहे.

तर त्या हिवाळ्यात देवानं गावपळणीचा कौल दिला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दर काही वर्षांनी आमचा देव गाव रिकामं करायला लावतो. तीन दिवस. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळ्यांनी शिवेबाहेर जायचं, झोपड्या बांधून राहायचं. मागे काही जिवंत ठेवायचं नाही. त्या दिवसांत गाव देवाचं, आणि त्याच्याबरोबर जे कोण असतील त्यांचं. ते कोण, याची चर्चा कुणी करत नाही. शहरातून लोक आता फोटो काढायला येतात, झोपड्यांत पोरं गाणी लावतात, मटणाची जेवणं होतात, मजा असते. मलाही लहानपणी मजाच वाटायची. पण यावेळी आई हलवण्यासारखी नव्हती.

तिचं हृदय थकलं होतं. डॉक्टर म्हणाले, रिक्षात घातलीत तर वाटेतच जाईल, आहे तिथे राहू द्या, आज ना उद्या. आईला हे ठाऊक होतं. तिनं माझा हात धरून स्पष्ट सांगितलं, "माका भायेर मरूचा नाय. ह्या घरात इलंय, ह्या घरातसून जातलंय. व्हाळाच्या पलीकडे झोपडीत माका मारू नुको." कुणी पळणीत बाहेर मेलं तर देवाचा परत यायचा कौल मिळेपर्यंत त्याला गावात आणता येत नाही. परक्या शिवेत पडून राहायचं, आपल्या घराकडे बघत. आईच्या मनात तेच होतं, आणि मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं. मी एकटी लेक. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मी गावकर काकांकडे गेले. ऐंशीच्या घरातला माणूस, अंगणात सुपारी कातरत बसले होते. "देवाचो हुकूम," ते म्हणाले. "बाळंतिणी जातत, आजारी जातत. तुझ्या आवशीसाठी मी देवाक काय सांगू?"

"सांगा की म्हातारी मरायला टेकली आहे! देव आहे की तहसीलदार?" मी ओरडलेच. माझं डोकं असंच तापतं, त्याला इलाज नाही. काका रागावले नाहीत. एक खांड तोंडात टाकून पुन्हा कातरायला लागले.

घरी येऊन मी पुन्हा टेबलाशी बसले, कारण भाग पाठवायची मुदत जवळ आली होती. त्या भागात डोंगरच्या राजाचा दूत समुद्राच्या राजधानीत अडकतो. राणीचे सैनिक त्याला पकडायला येतात. तेव्हा तो म्हणतो, माझ्या तंबूखालची जमीन माझ्या राजाची आहे, तहात तसं ठरलंय, इथे तुमची सत्ता चालत नाही. सैनिक तंबूच्या दोरीपाशी थबकतात. मी ते वाक्य ओठांत बसवत होते आणि मधेच थांबले.

आमचं घर गावातलं शेवटचं. खळ्यासमोर, म्हणजे अंगणासमोर, चिऱ्यांची बुटकी भिंत, गडगा, मागे माडांची बाग, बागेखाली व्हाळ, व्हाळापलीकडे बहिणीचं राज्य. शीव व्हाळातून जाते. ती शीव उचलून गडग्यापर्यंत आणली तर? तर आमचं घर गावाबाहेर. मग आईला हलवायची गरज नाही. गावानंच आमच्यापासून लांब सरकायचं.

काका ऐकत राहिले आणि हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. त्यांनाही ती चाल आवडली, मला दिसलं. "भावान भयणीक जमीन आंदण दिली तर कोण नाय म्हणतलो?" ते म्हणाले. त्यांनी देवाला कळे लावले, म्हणजे पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारला. उजवी पाकळी पडली. देव हो म्हणाला. पलीकडच्या गावकरांनी आपल्या देवीला विचारलं. तिथेही उजवी.

पळणीच्या आदल्या दिवशी दोन्हीकडचे मानकरी आमच्या खळ्यात आले. आईची खाट आम्ही खिडकीशी सरकवली होती. काकांनी सोडणासकट, न सोललेला, एक मोठा नारळ गडग्याच्या तोंडाशी, बाहेरच्या अंगाला, जमिनीवर ठेवला. शीव आता इथे. मग ते उभे राहिले. त्यांनी आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा, आणि गे पलीकडच्या आई, तुमी भाव-भयण. आज ह्या लेकरू तुमच्या पायांकडे पदर पसरता. तेची आवस हलवची नाय अशी आसा. तर ह्या गडग्यापासून व्हाळापर्यंतचा घर, खळा, माड, भावान भयणीच्या पदरात घातल्यान, असा समजा. आणि त्या म्हातारेक थंय सुखान ऱ्हवाक द्या."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मीही म्हटलं. खिडकीतून आईनंही म्हटलं, क्षीण आवाजात, पण म्हटलं. सगळ्यांनी चहा घेतला. शेजारच्या काकी आमची कुत्री आपल्याबरोबर घेऊन गेल्या, कारण कुत्रीला मागे ठेवायची कुणाची छाती नव्हती. आम्ही दोघी राहिलो.

रात्रींबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मी दमलेली होते, मेल्यासारखी झोपले. जे झालं ते भर दुपारी झालं.

रिकामं गाव कसं ऐकू येतं, हे मला ठाऊक नव्हतं. गावात शांतता असते असं आपण म्हणतो ते खोटं आहे. कुठेतरी कोंबडा, कुठेतरी पंप, कुणीतरी कुणाला हाक मारतंय, भांडं पडतंय. ते सगळं काढून घेतलं की कानात दडे बसल्यासारखं होतं. कावळेसुद्धा नव्हते. मी उगाच खोकून बघत होते. उन्हात खळं पांढरं दिसत होतं आणि गडग्यापलीकडची वाट लाल, आणि त्या वाटेवर कुणीच नव्हतं.

पहिल्या दुपारी पावलं ऐकू आली. पहिल्यांदा मला आनंदच झाला, वाटलं कुणीतरी विसरलेलं काही न्यायला परत आलं. अनवाणी पावलं, वाळलेल्या फणसाच्या पानांवरून येणारी, एकाची नव्हेत, पुष्कळांची. मिरवणूक दमून परत येते तशी सावकाश. ती वाटेनं आमच्या गडग्यापर्यंत आली आणि थांबली. मी दारात उभी होते, राव. लख्ख ऊन होतं. वाटेवर पानं होती, धूळ होती, नारळ होता. माणूस नव्हतं. पानं मात्र हलत होती, जिथे कुणी थबकून पाय बदलतंय अशी. मग पावलं वळली आणि आली तशी गेली.

मी आत येऊन दाराला कडी घातली. आई म्हणाली, "कडी कित्याक लायतंस? तेंका आत येवक जमाचा नाय."

"कुणाला?"

"जे इले तेंका," आई म्हणाली आणि कूस बदलली.

दुसऱ्या दुपारी मी भीती घालवायला कामाला बसले. कान तरी कशात गुंतवावेत म्हणून एक नवा भाग लावला, जो मी आधी पाहिलाच नव्हता. पण सवयीनं आवाज बंद ठेवला. समुद्राची राणी शिवेवर उभी होती, समोर धुक्यात कुणीतरी, आणि राणीचे ओठ हलायला लागले. त्याच वेळी माझ्या मागून आई बोलली. "हंयसून पुढे राज्य कोणाचा?"

राणीचे ओठ ज्या क्षणी उघडले त्या क्षणी तिनं सुरुवात केली, ते मिटले तेव्हा तिचं वाक्य संपलं. मी इतकी वर्षं ओठांत वाक्यं बसवते. असं बसलेलं वाक्य मी स्वतः कधी लिहिलेलं नाही. मी वळून पाहिलं तर आईचे डोळे मिटलेले होते. ती पडद्याकडे बघत नव्हती, खिडकीकडे तोंड करून होती. आणि बाहेर पुन्हा पावलं येऊन गडग्याशी थांबली होती.

"हंयसून पुढे भयणीचा," आईनं स्वतःच उत्तर दिलं, मोठ्यानं, मानकऱ्यासारखं. "तुमी माघारी फिरा."

पावलं फिरली. मी मूळ संहिता काढून पाहिली. राणीचं वाक्य तेच होतं: इथून पुढे सत्ता कुणाची? मी लॅपटॉप मिटला आणि आईच्या पायाशी जाऊन बसले, तिचा पाय हातात धरून, संध्याकाळपर्यंत. तिसऱ्या दुपारी मी कानांत कापूस घातला. हे लिहायला लाज वाटते, पण घातला.

चौथ्या सकाळी देवानं परत यायचा कौल दिला आणि गाव आलं. गुरं हंबरली, पंप सुरू झाले, कुणाचं तरी पोर रडलं, मला तर नाचावंसं वाटलं. आई जिवंत होती, घरात होती. जिंकलो की आपण! मी पेज घेऊन गेले तशी ती उठून बसायला लागली. आईला आधाराशिवाय उठता येत नसे.

"तुमी कित्याक तरास घेतास?" ती म्हणाली.

मला वाटलं चेष्टा करतेय. ती चेष्टेखोर होतीच. "घ्या राणीसाहेब," मी म्हटलं. पण तिनं वाटी दोन्ही हातांनी घेतली, परक्याच्या घरी घेतात तशी, आणि थोडी पेज मुद्दाम तळाशी ठेवली. पाणी प्यायच्या आधी माझी परवानगी मागितली. माझ्याकडे बघून हसली ते पाहुण्याचं हसणं होतं. तिनं मला विचारलं, "तुमी खंयच्या?"

मालवणहून डॉक्टर आले. मेंदूला रक्त कमी पोचतं, असं होतं म्हणाले. असेल. मग त्यांनी छाती तपासली आणि पुन्हा तपासली. ठोके बरे होते. आज ना उद्या म्हणणारे डॉक्टर त्यानंतर दिवसांचं बोलायचेच बंद झाले. आई तशीच राहिली. बरी होईना, वाईटही होईना. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. सकाळी उठून मला नमस्कार करायची. तिच्यासाठी मी मासे केले की म्हणायची, "उपकार झाले तुमचे." माझ्या आईनं उभ्या जन्मात माझ्या स्वयंपाकाला बरं म्हटलेलं नाही. तो नमस्कार बघून मला किंचाळावंसं वाटायचं.

आणखीही गोष्टी होत्या, पण मी त्या एकमेकींना जोडल्या नव्हत्या. आमची कुत्री काकींकडून परत आली ती गडग्याबाहेरच बसली. बोलावलं की शेपूट हलवायची, उठायची, नारळापर्यंत यायची आणि पुन्हा बसायची. काकी रोज कढी घेऊन थेट चुलीपर्यंत येणारी बाई, ती आता वाटेवरून हाक मारायची. "आत ये ना गो," मी म्हटलं तर स्वतःच गोंधळून जायची. "येतंय गो, पण पाय जड झालेत," म्हणायची आणि कढीचं भांडं गडग्यावर ठेवून जायची. म्हटलं वय झालं.

मग शिमगा आला. शिमग्यात देवाचं निशाण घरोघर येतं, ढोल वाजतात, खळ्यात नाचतात. मी खळं सारवून, ओवाळायचं ताट घेऊन उभी होते. ढोल वाटेनं जवळ आले. गडग्याशी आले आणि एकदम थांबले. कुणी थांबवलं नव्हतं. निशाण धरणारा माणूस जिथल्या तिथे उभा, बाकीचे त्याच्या मागे, आणि खाली वाळलेल्या पानांत त्यांचे पाय नुसते चाळवत होते. मला त्या दुपारची पावलं आठवली. मग माणसं वळली. निशाणासकट, आली तशी जायला लागली.

गावकर काका मात्र मागे राहिले. ते खाली बघत होते. पळणीच्या आदल्या दिवशी ठेवलेला नारळ तसाच होता, कारण शिवेवर ठेवलेल्या नारळाला कुणी हात लावत नाही. त्याला वीतभर कोंब आला होता आणि सोडणातून मुळं निघून जमिनीत शिरली होती.

काकांनी कपाळावर हात मारला. "शीव हंयच ऱ्हवली," ते म्हणाले. "घर दिला. परत मागूक नाय."

आणि ते खरं होतं. आमच्याकडे भाऊ बहिणीकडे जातो तो नैवेद्य झाला की आपोआप परत येतो. मुदत बोलायची रीतच नाही, तिची कधी गरजच पडलेली नाही. त्या दिवशीही कुणाच्या डोक्यात आलं नाही की जमीन काही चालत परत येत नसते. मी तर या धंद्यातली. कुणी चलाखीनं वर मागतो, एक शब्द राहतो, आणि त्या एका शब्दानं त्याचं वाटोळं होतं, हे मी किती राजांच्या तोंडी घातलंय आणि लिहिणाऱ्यांना शिव्या दिल्यात. मला त्या नारळाला लाथ मारावीशी वाटली.

"उद्या पलीकडे जावया," काका म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाये, तुका कळता मां? तुझी आवस परक्या राज्यात आसा. थंय आमच्या देवाचो हुकूम पोचणा नाय. बोलावणा पोचणा नाय. घर परत इला की…"

मला कळलं. कोंब बघितला तेव्हाच कळलं होतं. "शिमगा होऊ दे," मी म्हटलं. शिमगा झाला. मग म्हटलं, मालिकेचे भाग संपू देत. मग म्हटलं, ऊन कमी होऊ दे. काका रोज गडग्याशी येऊन उभे राहायचे आणि मी रोज काहीतरी सांगायचे. मला आई हवी होती. ओळख न देणारी, नमस्कार करणारी का होईना, खाटेवर हवी होती. यात कसला मोठेपणा नाही आणि मी तो दाखवतही नाही. घरभर तिचा श्वास ऐकू यायचा तेवढ्यावर माझं चाललं होतं.

एका दुपारी ती रडायला लागली. आवाज न करता, पदरानं डोळे पुसत, परक्याच्या घरी रडतात तशी. मी जवळ गेले तर माझा हात हातात घेतला.

"तुमी बरी माणसा आसात," ती म्हणाली. "पण माका आता घराक जावक होया. माझी माणसा माका न्हेवक अजून कशी येवक नाय? थंय माझा एक चेडू आसा. एकटाच आसा ता. हट्टी आसा. माझ्याशिवाय धड जेवचा नाय ता."

"आई, मीच ती," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे दयेनं बघितलं.

मी तशीच अनवाणी काकांकडे गेले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांचे मानकरी व्हाळाशी जमले. काकी आईजवळ बसल्या, म्हणजे गडग्यावर बसून खिडकीतून तिच्याकडे बघत राहिल्या. पलीकडच्या देवीला कळे लावले ते लवकर पडेचनात. उन्हात आम्ही सगळे उभे. मनातल्या मनात मी म्हणत होते, पडू नको, बाई, पडू नको. उजवी पडली. पलीकडचे गावकर म्हणाले, देवी घर परत देते, पण मागणी घरच्या माणसाच्या तोंडून यायला हवी. काकांनी माझ्याकडे बघितलं.

गाऱ्हाणं बाईनं घालायची आमच्याकडे रीत नाही. मानकरी बाजूला सरले. मी उभी राहिले आणि मला एक शब्द सुचेना. इतक्या राण्यांना बोलायला लावलं, आणि माझं तोंड उघडं आणि वाक्य नाही. शेवटी मी साधं म्हटलं, "आमचं घर आम्हाला परत दे. आईला तिच्या घरी येऊ दे." आणि मोठ्यानं रडले, सगळ्यांसमोर. काकांनी गडग्याशी जाऊन नारळ मुळांसकट उपटला आणि व्हाळात सोडला.

मी बागेतून वर आले तेव्हा कुत्री खळ्यात होती. काकी आत, खाटेशेजारी बसल्या होत्या, त्या मला बघून उठल्या आणि डोळे पुसत घरी गेल्या. आईचा चेहरा उतरला होता, ओठ सुकले होते, एका सकाळीत ती पुन्हा तेवढी आजारी झाली होती जेवढी डिसेंबरात होती. मी दारातच थबकले.

"खंय गेल्लंस गो उन्हातान्हात?" ती म्हणाली. "आणि ती केसांची काय दशा करून घेतलंस? येडा दिसतंस."

मी तिच्या कुशीत डोकं घातलं. तिनं बोटं माझ्या केसांतून फिरवली, गुंता सापडला तिथे ओढून सोडवली, दुखेपर्यंत. मग म्हणाली, "जेवलंस?"

मी नाही म्हटलं.

"मगे हंय काय बसलंस? जा, आधी जेव. पोटभर जेव. अर्ध्यार उठू नुको."

मी स्वयंपाकघरात जाऊन भात वाढून घेतला, वर काकींची कढी. तिचा श्वास तिथपर्यंत ऐकू येत होता, घरघर लागलेला. माझं अर्धं ताट झालं तेव्हा तो थांबला. मी उठले नाही. तिनं बजावलं होतं. मी सगळा भात संपवला, ताट विसळून पालथं घातलं, हात पुसले, आणि मग आत गेले.